उसना दिलेला खेळाडू

डनबी गावच्या रॉस फिजचं नाव पेपरात आलं, त्या बुधवारी आमच्या कुराकची शाळेची बस सात मिनिटं उशिरा निघाली. वर्ना क्लाइनिग बावीस वर्षं ती बस चालवत होती. उशीर करणाऱ्या पोराला ती फाटकापाशी धूळ खात सोडून पुढे जायची. त्या दिवशी तीच स्टिअरिंगवर पेपर पसरून बसली होती.

जिल्ह्याने निवडलेल्या, सोळा वर्षांखालच्या तेवीस फुटबॉलपटूंची यादी होती ती. आमच्याकडे जुलैत येणाऱ्या हिवाळ्याच्या सुट्टीत या तेवीस जणांचं शिबिर भरणार होतं, आणि शहरातल्या मोठ्या क्लबांची माणसं तिथे येऊन त्यांना पाहणार होती. यादीत कुराकचं एकही नाव नव्हतं. त्याची आम्हाला सवय होती. पण क्लेटन हॉबा नाही आणि रॉस फिज आहे, हे वर्नाच्या घशाखाली उतरेना.

"रॉस फिज!" ती आरशात बघून म्हणाली. "त्यापेक्षा गोलाचा खांब निवडायचा. तो निदान नेमून दिलेल्या जागी तरी उभा असतो."

सगळी बस हसली. मागच्या बाकावर क्लेटन खिडकीबाहेर बघत राहिला. हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. ऑगस्टमध्ये त्याला सोळा पूर्ण होणार होती, आणि त्यानंतर त्या यादीचं दार त्याच्यासाठी बंद होतं.

कुराकला खेळाडू आपण होऊन येत नाहीत, ते शोधून आणावे लागतात. वर्ना ते बसच्या काचेतून शोधायची. क्लबात तिला हुद्दा नव्हता. प्रशिक्षक पुरुष असायचे आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे. वर्ना म्हणजे 'पोरांचं बघणारी'. फाटक उघडायला उतरलेला मुलगा कडीला हात घालण्याआधी बसकडे मागे वळून बघतो की नाही, हे ती टिपायची. उतरताना एखाद्याच्या दिशेने न सांगता सफरचंद फेकायची. झेललं, तर त्याच संध्याकाळी ती त्याच्या आईच्या ओट्यापाशी चहा पीत बसलेली असे. "हो" ऐकल्याशिवाय उठायचं नाही आणि "हो" ऐकू येईपर्यंत चहा संपवायचा नाही, असा तिचा हिशोब.

क्लेटन तिला असाच सापडला. आई डॉट इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली म्हणून ती दोघं चार वर्षांपूर्वी कुराकला आली. बसची वाट बघताना पोरगा रोज प्लास्टिकची रिकामी बाटली डाव्या पायाने मारायचा, आणि ती रोज समोरच्या टपालाच्या डब्यावर आदळायची. आठव्या दिवशी वर्नाने दार उघडून विचारलं, "त्या डब्याशी काय वैर आहे रे तुझं?"

"काही नाही. तो हलत नाही म्हणून."

"हलणारी पोरं देते. मंगळवारी सराव आहे, थांब."

पुढची चार वर्षं ती मंगळवारी आणि गुरुवारी सराव संपेपर्यंत थांबायची, आणि पोरांना रिकाम्या बसमधून घरोघर पोचवायची. आमच्याकडच्या फुटबॉलचा लंबगोल चेंडू हातातून पायावर कसा सोडायचा हे क्लेटनला कोणी शिकवावं लागलं नाही. वर्नाने त्याला शिकवलं ते मारण्याआधी मान वर करायला. "चेंडू हातात आला की प्रत्येकाला वाटतं, आपणच मारावा. तू आधी बघ. मोकळा कोण आहे ते बघ. मग वाटलं तर मार." सुरुवातीला तो बघेपर्यंत दोन जण त्याच्या अंगावर येऊन पडत. तो उठून परत बघायचा.

वर्नाचा एक नियम होता. इथल्या गावांत पोरं कमी. एखाद्या शनिवारी समोरचा संघ अपुरा येतो. अशा वेळी आपल्यातली पोरं त्यांना उसनी द्यायची आणि सामना बरोबरीने खेळायचा. हे सगळेच क्लब करत, पण बाकीचे आपल्यातली कच्ची पोरं देऊन मोकळे होत. वर्नाला त्याची चीड. तिच्या मैदानावर समोरच्या प्रशिक्षकाने बोट दाखवायचं आणि कुराकने नाही म्हणायचं नाही. "द्यायचं तर नीट द्या," ती म्हणायची. "आंबलेलं दूध शेजारणीला देतो का आपण?" या नियमाचा तिला अभिमान होता. खरं सांगायचं तर, थोडा जास्तच होता.

सोळा मेच्या शनिवारी डनबीत कांजिण्यांची साथ होती. त्यांची अकराच पोरं आली, आमची एकोणीस होती. चार दिली तर पंधरा-पंधरा. डनबीच्या प्रशिक्षकाने पहिलं बोट क्लेटनकडे केलं. त्याला मिळालेल्या जर्सीवर एकोणीस नंबर होता. ती रॉस फिजची जर्सी. रॉस घरी पुरळ खाजवत पडला होता. खेळाडूंचा कागद आदल्या संध्याकाळीच भरलेला. तो बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही. क्लेटन आमच्याविरुद्ध असा खेळला, की कडेला उभ्या गाड्यांनी कोणासाठी हॉर्न वाजवावा हे कळेना. डनबी जिंकली. वर्ना पाव आणि सॉसेज वाटत हसत होती.

यादी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला. मुलं निवडणारा डेस कॉर्डी तिचा जुना ओळखीचा. तो गावोगाव न सांगता जायचा, गाडीतून उतरायचाही नाही.

"डेस, डोळे तपासून घे. फिजमध्ये तुला दिसलं तरी काय?"

"सुप्रभात, वर्ना. मीही मजेत आहे."

"थट्टा नको. कुठे पाहिलास त्याला?"

"तुझ्याच मैदानावर की. पावाच्या टेबलामागे तूच उभी होतीस. सोळा मे. डनबीचा एकोणीस नंबर. असा डावा पाय मी पाच-सहा वर्षांत पाहिला नाही. आणि मारण्याआधी मान वर करून बघतो पोरगा! या वयात कोण बघतं?"

वर्नाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आहेस ना?"

"तो फिज नाही, डेस," ती म्हणाली. "तो माझा आहे."

सगळं ऐकून घेतल्यावर डेस हसला, आणि मग हसायचा थांबला. त्याच्याकडच्या कागदावर एकोणीस नंबरसमोर रॉस फिज लिहिलं होतं, आणि त्या दिवशीच्या खेळाडूंच्या कागदावरही तेच. "तू म्हणतेस म्हणून मी नाव खोडलं, तर उद्या प्रत्येक गावातली एक वर्ना मला फोन करेल. डनबीकडून लेखी आण. सहीनिशी. मग बघतो. आणि शिबिराच्या आधी आण, नंतर मला त्याचा उपयोग नाही."

"आणतेच."

"पोराला सांगितलंस?"

"नक्की झाल्याशिवाय नाही."

त्याला कारण होतं. नऊ-दहा वर्षांपूर्वी नील स्टार्क नावाच्या मुलाची अशीच निवड झाली होती. वर्नाने बसमध्येच जाहीर केलं. गावाने हॉलमध्ये मेंढीचं भाजलेलं मटण आणि तीन तऱ्हेचे केक मांडून त्याला निरोप दिला. पाचव्या दिवशी पत्र आलं, चूक झाली होती, जागा भरलेली होती. नील पुन्हा मैदानावर आला नाही. तो आता धान्याचा ट्रक चालवतो. मैदानाजवळून जाताना रेडिओ मोठा करतो. तेव्हापासून वर्नाने मनाशी खूणगाठ बांधली होती, की हातात येईपर्यंत पोराला काही कळू द्यायचं नाही.

ग्रॅम फिज मेंढ्यांच्या बाजाराला गेला होता, तो रविवारी परत आला. डनबी क्लबचा अध्यक्ष तोच आणि रॉसचा बापही तोच. वर्ना पोचली तेव्हा तो शेडमध्ये पेरणीयंत्राखाली पडून वंगण भरत होता. त्याचे नुसते बूट दिसत होते.

"ग्रॅम, सोळा मेला तुझा रॉस कुठे होता?"

बूट हलायचे थांबले. "मैदानावर. कागदावर नाव आहे."

"अंगभर फोड घेऊन?"

"कागदावर नाव आहे म्हणतोय ना मी."

"बाहेर ये. बुटांशी बोलायला नाही आले मी एवढ्या लांब."

तो बाहेर आला. कपाळावर वंगण, चेहऱ्यावर अवघडलेपण. "हे बघ वर्ना, मला काय कळत नाही का? पण मी काय लिहून द्यायचं? कागदावर एकाचं नाव ठेवून दुसऱ्या क्लबचा पोरगा खेळवला म्हणून? गेल्या साली एकदा पकडलंय आम्हाला. पुन्हा सापडलो तर पोरांचा संघच बंद करतील. त्या दिवशी अकराच आली होती माझी. अकरा."

"ती चार मी दिली म्हणून तुझा सामना झाला त्या दिवशी."

"दिलीस. आता परत मागायला आलीस होय?"

"चारातला एकच मागतेय."

"आणि माझ्या पोराचं काय? त्याच्या आजीने पेपरातलं नाव कापून फ्रिजवर लावलंय. तो पहिल्यांदा कशात तरी निवडला गेलाय गं."

"तो निवडला गेलेला नाही, ग्रॅम."

यावर ग्रॅम पुन्हा यंत्राखाली गेला. वर्ना अर्धा तास तिथेच उलट्या पिंपावर बसून राहिली. बूट हलले नाहीत, तशी उठली. गाडीपाशी रॉस उभा होता. गालांवर खपल्यांचे डाग अजून होते.

"ते मी नव्हतोच ना?" त्याने विचारलं.

"नाही रे बाबा."

"मला वाटलंच. मी सारखा आठवत होतो, की मी नेमका कधी चांगला खेळलो." तो गाडीच्या टायरला बुटाने हळूच ठोकत राहिला. "तिथे गेलो असतो तर सगळे हसले असते. मी लिहून देतो, मिसेस क्लाइनिग. बाबांच्या सहीचं बघतो."

वर्नाला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली, पण तिने फक्त म्हटलं, "लवकर बघ."

पण ते लवकर झालं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी क्लेटन सरावाला आला आणि गुरुवारी आला नाही. आरशातून ती त्याला बघायची. तो पोरांशी बोलायचा, हसायचाही, पण फाटकापाशी उतरल्यावर पायाशी आलेला दगडसुद्धा बाजूला सारायचा नाही. दोनदा तिच्या ओठांवर आलं होतं. दोनदा तिने गिअर बदलला.

शुक्रवारी शाळा सुटली, सुट्टी लागली. उतरताना क्लेटन म्हणाला, "बरंय, मिसेस के." एरवी तो पुढच्या सरावाचा वार सांगून उतरायचा. ती घरी आली तर टपालाच्या डब्यात पाकीट पडलेलं. रॉसच्या अक्षरात दहा ओळी, आणि खाली ग्रॅम फिजची सही, कागद फाटेल इतकी दाबून केलेली.

डेसचं कार्यालय सोमवारी उघडणार होतं. शनिवारी सामने नव्हते. दोन दिवस ते पत्र तिच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्याला टेकून उभं होतं, आणि हॉबांचं घर तिथून अकरा किलोमीटरवर. ती गेली नाही. डेस हो म्हणू दे, मग जाऊ. पक्कं सांगू. पोराचा चेहरा एकदाच बघायचा, तो आनंदाचा बघू.

सोमवारी डेस हो म्हणाला. "गुरुवारी सकाळी आठला आण. बाविसावा माणूस घोटा मुरगळून बसलाय, त्यामुळे फिजचं नाव खोडावंही लागणार नाही. नशीब बघ तुझं."

ती तशीच गाडी काढून हॉबांकडे गेली. डॉट दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"क्लेटन? तो काल गेला की. माझ्या बहिणीच्या नवऱ्याची टोळी आहे ना मेंढ्या कातरणारी, त्यांच्याबरोबर. नदीपलीकडे. लोकर उचलायचं काम मिळालं त्याला. म्हणाला, इथे राहून करू काय?" डॉटने चिमटा तोंडातून काढला. "का गं? काय झालं? तुला माहीत होतं ना तो जाणार ते? मला वाटलं, तुला सांगितलं असेल त्याने. सगळं तुलाच तर सांगतो."

वर्नाने तिला सगळं सांगितलं. डॉट ओल्या चादरीला धरून ऐकत राहिली, आणि मग फार हळू म्हणाली, "दोन आठवडे, वर्ना? मी आई आहे त्याची."

कातरणीच्या शेडला फोन नव्हता. मालकाच्या घरच्या फोनची घंटा वाजून वाजून बंद पडायची. मंगळवारी पहाटे न्याहारी न करता वर्ना निघाली आणि पावणेतीनशे किलोमीटर गाडी हाकत गेली. वाटेत तिने डेसला शिव्या घातल्या, ग्रॅमला घातल्या, कांजिण्यांना घातल्या, त्या कागदाला घातल्या. शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये दुसरं कोणी उरलं नाही.

ती शेडच्या फळ्यांवर चढली, तसा आतून कोणीतरी ओरडला, "तळ्यावर बदकं!" बाई आली की कातरणारे असं ओरडतात, म्हणजे सगळ्यांनी तोंडं आवरायची.

"चालू द्या तुमचं," वर्ना म्हणाली. "मी बावीस वर्षं शाळेची बस चालवतेय. नवीन शिवी असेल तर सांगा."

माणसं हसली. क्लेटन टेबलावर लोकर पसरत होता. तिला बघून त्याचा चेहरा उतरला. "आईला काय झालं?"

"काही नाही. आई ठीक आहे. चहाची सुट्टी कधी होते?"

दहा मिनिटांनी घंटा झाली. ती दोघं शेडच्या सावलीत, रिकाम्या मेंढवाड्याच्या कठड्यापाशी उभी राहिली. तिने सांगितलं. सोळा मे, एकोणीस नंबर, डेस, रॉसचं पत्र. गुरुवार, सकाळी आठ. तो हातातल्या मगकडे बघत ऐकत होता. हात लोकरीच्या तेलाने चकाकत होते.

"म्हणजे त्यांनी मला पाहिलं होतं?" त्याने विचारलं.

"तुलाच पाहिलं. रॉसला कोण बघतं?"

तो हसला. पण ते हसू टिकलं नाही. "तुम्हाला कधी कळलं?"

"यादी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्याने मनात मोजलं. तिला ते दिसलं.

"बारा दिवस झाले," तो म्हणाला. "मी रोज विचार करत होतो, मला काय जमत नाही म्हणून. तुम्ही आरशातून बघत होता. मला वाटलं, तुम्हालाही तेच वाटतंय."

"मला वाटलं, पक्कं झाल्यावर सांगावं. आधी एका पोराचं असंच..."

"मी तो पोरगा नाही, मिसेस के."

"नाहीस. चुकलं माझं."

"हो," तो म्हणाला.

आत कोणीतरी कात्र्यांना धार लावत होतं. वर्ना घाईने बोलू लागली. आत्ता निघालो तर संध्याकाळी घरी. उद्या विश्रांती. त्याचे खेळायचे बूट तिच्या गाडीत होते, तिने आणलेच होते. परवा आठ वाजता मैदानावर. नंतर हवं तर ती स्वतः त्याला इथे आणून सोडेल.

"शेड शुक्रवारी संपते," क्लेटन म्हणाला. "लोकर उचलायला आम्ही दोघंच आहोत. मी गेलो तर चार कातरणारे अडतात. मावसाला शब्द दिलाय मी."

"मावसाशी मी बोलते."

"तो जा म्हणेल. सगळेच जा म्हणतील." त्याने उरलेला चहा मातीत ओतला. "मलाच नाही जायचं. मी ते सोडून दिलं, मिसेस के. फार जड गेलं ते सोडायला. आता दोन दिवसांत परत उचलून पळायचं, मला नाही जमत."

"क्लेटन, हे परत येणार नाही रे. ऑगस्टमध्ये तुला..."

"माहीत आहे मला कितवं लागतंय ते."

घंटा झाली. तो दोन पावलं गेला आणि थांबला. "कुराकचा सामना कधी आहे?"

"या शनिवारी नाही. पुढच्या."

"बरं."

"येणार आहेस?"

"बघू," तो म्हणाला, आणि आत गेला. लगेच यंत्रं सुरू झाली, त्यात पुढचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी वर्ना दाराकडे बघून ओरडली, "गाढव आहेस तू!" लोकर दाबून गठ्ठे बांधणारा एक म्हातारा गठ्ठ्यांमागून म्हणाला, "त्याला म्हणालात की स्वतःला, बाई?"

पन्नास किलोमीटरवरच्या पहिल्या गावात, पबसमोरच्या फोनच्या खोक्यात उभं राहून तिने डेसला फोन केला. काचेवर माश्या बसल्या होत्या.

"येत नाही म्हणजे?" डेस म्हणाला. "मी वर बोलून ठेवलंय, वर्ना. अशी संधी सोडणारी पोरं पुढे जात नाहीत, सांगून ठेवतो."

"त्याच्या नावापुढे काय लिहितोयस?"

"काय लिहिणार? गैरहजर."

"ते नको. क्लबने वेळेवर कळवलं नाही, असं लिही. माझं नाव लिही."

"त्याला रकाना नाही इथे."

"मग रेघ मार आणि काढ एक रकाना. मी थांबते."

तिने खिशातलं आणखी एक नाणं फोनमध्ये टाकलं. पलीकडे डेसने कागद ओढला. तो लिहितोय की नुसता पेन हातात धरून बसलाय, हे तिला तिथून कळायला मार्ग नव्हता.